दुसरा व्रण

"काकू, इथे एक नाही, दोन आहेत," डॉक्टर ऐश्वर्या म्हणाल्या, आणि विद्याधरराव ढोमण्यांना छत्तीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच आपल्या बायकोचं डोकं नीट दिसलं. आतलं नव्हे. आतलं पाहायची गरज त्यांना कधी पडली नव्हती. वरचं. डॉक्टरांच्या हातात कपड्याच्या ब्रशएवढा कॅमेरा होता, तो पद्मजाबाईंच्या भांगाच्या उजवीकडे टेकवून सरकवत होत्या, आणि समोरच्या भिंतीवरच्या पडद्यावर बाईंचे केस बांबूसारखे जाड होऊन उभे राहिले होते. त्या बांबूंच्या मधून एक पांढरा, गुळगुळीत, झाड नसलेला पट्टा गेला होता. विजेच्या तारा नेण्यासाठी जंगल कापून काढतात तसा. तो वळणदार होता, द्वितीयेच्या चंद्रासारखा. आणि त्याला मधोमध कापत दुसरा गेला होता, सरळ, पट्टीनं आखल्यासारखा, टोकाला काटकोनात मोडलेला. पहिला विद्याधररावांच्या ओळखीचा होता. दुसऱ्याकडे ते बघत राहिले. आपल्याच घरात आपली ओळख न करून देता कुणी वर्षानुवर्षं राहून गेलं असावं, असं काहीसं त्यांना वाटलं, आणि रागही आला.

खरं म्हणजे इथे यायचं कारण त्यांचं स्वतःचं डोकं होतं. पाच आठवड्यांवर मुलाचं, अर्णवचं, लग्न आलेलं. मुलगी दुर्गची, वैभवी, बँकेत नोकरीला. फोटो निघणार, व्हिडिओ निघणार, वर ड्रोनही फिरणार असं कळल्यापासून विद्याधररावांची झोप उडाली होती, कारण ड्रोन वरून बघतो. सिव्हिक सेंटरच्या बाजारात, खाली बूट-चपलांचं दुकान आणि वर केसांचा दवाखाना असलेल्या या इमारतीत त्यांनी गुपचूप वेळ घेतली, आणि दाढ काढतात तसं एका बैठकीत काम होईल या समजुतीनं पद्मजाबाईंना सोबत आणलं. परतताना आपल्याला चक्कर आली तर कुणीतरी हवं. डॉक्टर रायपूरच्या निघाल्या. "आम्ही पण मराठीच हो, तात्यापाऱ्याचे. घरी बोलतो, इथं हिंदीच होऊन जातं," म्हणाल्या, आणि मग अस्सल मराठीत त्यांनी विद्याधररावांचा निकाल लावला. केस नवे उगवत नाहीत, काका, मागचे काढून पुढे लावतात, मागची जमीन कसदार पाहिजे. त्यांनी मागची झालर बोटांनी चिवडली आणि भाजीवालीनं कालचा पालक परत करावा तसा आवाज काढला. "मागचंही विरळ होत आहे. आणि लावले तरी महिन्याभरात गळतात, मग नऊ-दहा महिन्यांनी खरे येतात. लग्नात तुमच्या डोक्यावर फक्त खपल्या दिसतील. पैसे वाचवा, फेटा बांधा." विद्याधररावांनी टोपी घातली, ती अपमानाने की कशाने घसरून खाली पडली, पद्मजाबाई उचलायला वाकल्या, आणि डॉक्टरांची धंद्याची नजर त्यांच्या डोक्यावर गेली. विषय बदलतो आहे याचा विद्याधररावांना इतका आनंद झाला की तेच म्हणाले, "हिचंच पाहा. हिचं काही करता आलं तर." त्यात उदारपणाही होता. असा उदारपणा त्यांना वर्षातून एक-दोनदा यायचा, बहुधा पाहुणे असताना.

"कशानं लागलं होतं?" डॉक्टरांनी विचारलं. पद्मजाबाईंनी तोंड उघडायच्या आत विद्याधरराव म्हणाले, "स्टूलवरून पडली. पंच्याण्णव साली. आधार न घेता माळ्यावरचा डबा काढत होती." वाक्य इतकं घोटीव आलं की डॉक्टर हसल्या. "आणि हा दुसरा? हा वरून गेला आहे, म्हणजे नंतरचा. पहिला गोल काठाचा आहे, हा सरळ. टाकेही वेगळ्या हाताचे." विद्याधररावांनी बायकोकडे पाहिलं. पद्मजाबाई पडद्याकडे पाहत होत्या, दूरच्या नात्यातल्या कुणाचा फोटो पाहावा तशा, ओळख पटली आहे पण बोलण्यासारखं काही नाही. "तेबी स्टूलच," त्या म्हणाल्या. डॉक्टरांनी एक क्षण थांबून विद्याधररावांकडे पाहिलं. किती थांबल्या ते मोजता येण्याजोगं नव्हतं, पण ते मोजलं गेलं. मग त्यांनी कॅमेरा ठेवला आणि उपाय सांगायला सुरुवात केली. दोन्ही व्रण मिळून मोसंबीच्या फोडीसारखी एक लांबट पट्टी कापून काढायची आणि कडा अशा शिवायच्या की कडेचे केस शिवणीतूनच वर येतात. नाहीतर मागचे केस एकेक करून व्रणात लावायचे, पण व्रणाच्या कातडीत रक्त कमी, सगळे धरत नाहीत. नाहीतर आधी पट्टी, मग सहा महिन्यांनी उरलेल्या रेघेत केस. "जागा बधिर करून करतात, काकू. दीड तास. दहा-बारा दिवसांनी टाके काढायचे. तुमची कातडी सैल आहे, मागची जमीनही मस्त आहे." हे शेवटचं विद्याधररावांना लागलं. "चला, आत फोटो काढून घेऊ, मापं घेऊ, मग ठरवा."

बाहेर, काचेच्या दाराशी, एकाला एक जोडलेल्या पाच लोखंडी खुर्च्या होत्या. त्यातल्या मधल्या खुर्चीवर विद्याधरराव बसले. समोर तक्त्यावर एकाच माणसाचे दोन फोटो: आधी टकलू आणि दुःखी, नंतर केसाळ आणि तितकाच दुःखी. त्यांना चहा हवा होता. त्याहून जास्त त्यांना दुसरा व्रण कुणाचा ते हवं होतं. आणि अडचण अशी की ते विचारता येत नव्हतं. विचारायचं म्हणजे "हा दुसरा मी केला का" असं विचारायचं, आणि तसं विचारलं की पहिला आपण केला हे कबूल. तीस वर्षांत त्या गोष्टीवर दोघांत एक शब्द झालेला नव्हता. स्टूल म्हणजे स्टूल. आता एका प्रश्नासाठी एवढं जुनं, पक्कं बांधकाम पाडायचं? शिवाय चौकशी हा त्यांचा धंदा होता. जामुलच्या वाटेवरच्या एका खाजगी ओतकामाच्या कारखान्यात तीस वर्षं ते सुरक्षा अधिकारी होते. अपघात झाला की कागद घेऊन जायचे. जखमीचं नाव, वेळ, ठिकाण, कारण, पुढील उपाय. नाव, वेळ आणि ठिकाण बदलायचं. कारण बदलत नसे. कारणं दोनच होती, निष्काळजीपणा आणि घोर निष्काळजीपणा. केवलराम नावाच्या, साचे भरणाऱ्या मोल्डरची दोन बोटं गेली तेव्हा त्यांनी लिहिलं होतं, "बोटे अयोग्य ठिकाणी होती." हे वाक्य मालकांना इतकं आवडलं की पुढच्या प्रत्येक अहवालात ते अवयव बदलून वापरलं गेलं. केवलराम अजून जामुलच्या बसमध्ये भेटतो, उरलेल्या बोटांनी नमस्कार करतो, "साहब, सब बने बने?" म्हणून सगळं बरं आहे ना ते विचारतो. विद्याधररावांना त्यात कधी टोमणा ऐकू आला नाही. माणसं प्रेमळ असतात, असं त्यांचं मत होतं.

पंच्याण्णव साल त्यांना स्पष्ट आठवत होतं, इतकं की गडव्याचा आवाजही. त्या रविवारी विभागप्रमुख बाबाराव साहेब सपत्नीक जेवायला आले होते. वांग्याची भाजी, वडाभात, सगळं उत्तम चाललेलं. बाबाराव म्हणाले, ढोमणे, तुमच्या घरी सगळं कसं जिथल्या तिथं आहे. आणि पद्मजा, तेव्हा तिशीची, पदर खोचलेली, पोळी वाढता वाढता हसून म्हणाली, "हो नं, यांचा कंगवा तेवढा आता मले लागते, यांले तं काही कामच नाही त्याचं." बाबाराव हसले. बाबारावांच्या बाई हसल्या. विद्याधरही हसला, सगळ्यांत मोठ्यानं तोच हसला. बत्तिसाव्या वर्षी त्याच्या कपाळानं वर सरकायला सुरुवात केली होती, तो रोज सकाळी आरशासमोर एक बोट, दोन बोटं असं मोजायचा, आणि हे मोजणं तिनं पाहिलं आहे हे त्याला त्या वाक्यात कळलं. पाहुणे फाटकापर्यंत पोचवून तो आत आला. ती ओट्याशी पाठमोरी होती. पितळी गडवा पाण्यानं अर्धा भरलेला होता, म्हणजे जड होता; तो त्यानं फेकला की मारला, यावर त्यानं नंतर बराच विचार केला आणि फेकला असं ठरवलं. अर्णव दोन वर्षांचा, पाळण्यात. रक्त कमी होतं आणि पाणी जास्त, त्यामुळे फरशीवर ते फार दिसलं. दवाखान्यात त्यानं स्वतःच सांगितलं, स्टूल, माळा, डबा, आधार नाही. पाच टाके पडले. आणि परत येताना रिक्षात तो तिच्यावर खरोखरच थोडा रागावला होता, आधार न घेतल्याबद्दल. दुसऱ्या दिवशी पुढील उपाय म्हणून त्यानं स्टूल घरातून काढला. खुर्सीपारहून कामाला येणाऱ्या गयाबाईला देऊन टाकला. कारखान्यातून एक तक्ता आणून स्वयंपाकघरात लावला: उंचीवर काम करताना आधार घ्या. तो तक्ता सतरा वर्षं तिथे होता. त्याच्याखाली पद्मजानं किती पोळ्या लाटल्या असतील, हा हिशेब विद्याधररावांनी कधी केला नाही, आताही केला नाही.

मग दुसरा? त्यांनी डोळे मिटले आणि मनातल्या मनात कागद पुढे ओढला. लोकांशी बोलताना नाही, पण स्वतःशी बोलताना ते नेहमी म्हणत, एकदाच झालं. आज शोधायला निघाले तर वाटेत भलतंच भेटत गेलं. चप्पल. चप्पल ही लागत नाही. पाटाची फळी, पण ती दाराला लागली होती. डबा, कारखान्यात न्यायचा, तीन खणी, वरणासकट. त्या दिवशी ती माहेरी वर्ध्याला निघाली होती आणि गेली नाही. एकदा कानाखाली, पण ते घरी आलेल्या आत्याला कळू नये म्हणून हळूच. एकदा केस धरले होते. हातात तेव्हा केसांचा जो भार आला होता तो त्यांना अजून आठवला, ओल्या दोरखंडासारखा, आणि त्या क्षणी रागापेक्षा वेगळंच काही वाटलं होतं: एवढे. हिला एवढे. त्यांनी डोळे उघडले. तक्त्यावरचा केसाळ माणूस बघत होता. ह्यातलं काहीच सरळ आणि काटकोनी नव्हतं. वस्तू सापडत नव्हती. त्यांना घाम आला, तो टोपीच्या कडेनं कानामागे उतरला. आपण केलं आणि विसरलो, हे शक्य आहे का? केवलरामची बोटं त्यांना आठवत होती, मशीनचा नंबरही आठवत होता. बायकोच्या डोक्यावर सरळ रेघ ओढलेली आठवत नाही? आणि मग आणखी किती असतील, केसांखाली नसलेल्या? तिच्याजवळ कुठेतरी सगळी यादी आहे, तारीखवार, आणि आपल्याकडे तिची नक्कल नाही. पाच आठवड्यांवर लग्न. घर भरलेलं असणार, बायका एकमेकींची डोकी विंचरणार, कुणीतरी विचारणार, काकू हे काय, आणि ती त्या दिवशी काय म्हणेल? सासू होणाऱ्या बाईला अचानक धीर येतो असं त्यांनी ऐकलं होतं.

आणि तेव्हा त्यांना पट्टी आठवली. दोन हजार दहा, मार्च, सुरक्षा सप्ताह. वर्षभरात एकही अपघात नाही, म्हणजे नोंदलेला नाही, म्हणून त्यांना कारखान्याच्या मांडवात शाल, नारळ आणि काचेची ढाल मिळाली होती. सकाळी आठपासून ते तिथे होते. दुपारी चारला ढाल हातात घेऊन घरी आले तर पद्मजा पलंगाच्या काठावर बसलेली, डोक्याला पांढरी पट्टी, आणि अर्णव टेबलाशी पोहे खात बसलेला. ताटलीतून मान वर न करता, एक एक शेंगदाणा बाजूला काढत. काय झालं? स्टूलवरून पडले, ती म्हणाली. "सांभाळून करत जा नं जरा," ते म्हणाले आणि ढाल कुठे ठेवायची ते बघू लागले. विद्याधररावांच्या सगळ्या अंगातून एक थंड, गोड लाट गेली. सकाळी आठ ते दुपारी चार! दोनशे साक्षीदार! मांडवात फोटो निघालेले! आपण नाही. आपण तिथे नव्हतोच. ते खुर्चीत जवळजवळ उठले, कुणाला तरी सांगावंसं वाटलं, काउंटरवरच्या मुलीला चहा कुठे मिळेल ते विचारावं, तिलाही एक सांगावा. इतकं हलकं त्यांना निवृत्तीच्या दिवशीही वाटलं नव्हतं. निर्दोष सुटलेला माणूस असाच बसत असणार, गुडघे पसरून. ते तसे साधारण मिनिटभर बसले. मग गुडघे आपोआप जवळ आले. दोन हजार दहा साली घरात स्टूल नव्हता. पंधरा वर्षं नव्हता. बल्ब बदलायलाही ते खालून वायरमन बोलवायचे, तो आपली शिडी आणायचा. त्यांनीच ठेवू दिला नव्हता. तीस वर्षं लोकांच्या जखमांची चौकशी करणाऱ्या माणसानं घरी येऊन नसलेल्या स्टूलवर विश्वास ठेवला होता. विश्वासही नव्हे. नुसती सही केली होती. पोहे खाणाऱ्या पोराची वर न होणारी मान त्यांना पुन्हा दिसली, आणि या खेपेला तिच्यावर एक नाव लिहिलेलं होतं.

पद्मजाबाई बाहेर आल्या. केस दोन चिमट्यांनी दोन्हीकडे बसवलेले, मधे जांभळ्या पेनानं आखलेली लांबट पट्टी, दोन्ही व्रण पोटात घेतलेली. त्या शेजारच्या खुर्चीवर बसल्या, पर्स मांडीवर ठेवली.

"थांबा म्हणे दहा मिनटं. तारीख पाहून राहिली ते."

"अर्णव?" विद्याधरराव म्हणाले.

अर्णवचं काय, असं पद्मजाबाईंनी विचारलं नाही. "बारावीत होता," त्या म्हणाल्या. "गाडीची चाबी लपवली होती मी. पेपर होता दुसऱ्या दिवशी."

"कशानं?"

त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. जन्मभराच्या सवयीचा प्रश्न होता, सवयीनंच त्यांनी उत्तर दिलं. "कंपासपेटी. लोखंडी होती, तुमीच घेऊन देल्ली होती. शेजारच्या मथुराताईनं रिक्षा आणली, सात टाके पडले. घरी आल्यावर रडला मंग. माझ्या पायावर डोकं ठेवलं त्यानं."

"तू मले सांगतलं कावून नाही?"

"तुमाले?" पद्मजाबाईंना हसू आलं, अगदी थोडं. "तुमी बक्षीस घेऊन आले होते न. अन् काय सांगणार होती? त्यानंच शिकवलं मले. म्हणे, आई, बाबाले स्टूल सांग, ते मानतात."

विद्याधररावांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "म्हणजे त्याले माहीत होतं."

"कोणाले माहीत नव्हतं? गयाबाई तो स्टूल घेऊन चालली तं हासून राहिली होती. म्हणे, बाई, याले कायची सजा?"

काचेच्या पलीकडे कुणीतरी केसांचं मशीन सुरू करून बंद केलं. विद्याधररावांच्या मनात एक गोष्ट हळूहळू वर येत होती, बुडालेली वस्तू फुगून वर येते तशी, आणि ती वर आली तर काहीतरी करावं लागेल हे त्यांना कळत होतं. त्यांनी तिला थोडा वेळ दाबून धरली. पोरगा पुण्याला, बत्तीस वर्षांचा, आवाज शांत, फोनवर रोज आईची चौकशी करणारा. त्याच्या कपाळाची रेघ गेल्या दिवाळीत दोन बोटं वर गेलेली त्यांनी पाहिली होती. आणि आरशासमोर उभा असताना मागून ती पोरगी हसत काही म्हणेल. म्हणेलच, लग्न झाल्यावर माणसं हसत काही ना काही म्हणतातच.

"पद्मजा," ते म्हणाले. "वैभवीच्या घरी सांगा लागन का? त्या पोरीले तरी? अजून पाच हप्ते आहेत."

"काय सांगता?"

"हेच."

"कार्ड वाटून झाले. हॉल झाला. तिचा बाप हार्टचा पेशंट." पद्मजाबाईंनी पर्सची चेन उघडली, आत पाहिलं, बंद केली. "अन् मोडून काय करन ती? मी कुठं मोडलं? माझी मायबी आजारीच होती तेव्हा वर्ध्याले." मग त्या जरा त्यांच्याकडे वळल्या आणि आवाज खाली आणला, कुळाचार सांगावा तसा. "तुमी नका काळजी करू. मी पाहूनच केलं आहे. राजनांदगावची पोरगी तुमाले पसंत होती, आठवते? एम. टेक. झालेली. मी नाही म्हटलं तं दोन दिवस बोलले नाही तुमी माझ्यासंगं."

"हो. तू काही कारणच नाही सांगतलं."

"केस पातळ होते तिचे. भांगातून डोकं दिसे." पद्मजाबाईंनी चिमटे काढले, केस सोडले, आणि एका हातानं ते सवयीनं उजवीकडे ओढून घेतले, जांभळी पट्टी दिसेनाशी झाली. "वैभवीचे दाट आहेत. तेल लावून देतो म्हणून मी हात घालून पाह्यले, पार मुळापर्यंत. काही झालं तं दिसत नाही."

विद्याधररावांनी सवयीनं त्यात काही चूक राहिली आहे का ते तपासलं. राहिलेली नव्हती.